हातातल्या चपला

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. टेबल त्यांनी असं लावलं होतं की दारातून बाहेरचा चपलांचा रॅक थेट समोर दिसावा. कोण आलं ते त्यांना पायांवरून कळायचं. "या, दोनशे सोळा," ते मान वर न करता म्हणायचे. दोनशे सोळा हा माझा सभासद क्रमांक. एकदा मी मैत्रिणीचे सँडल घालून गेले, तर त्यांनी मला नवीन समजून नियमांचा कागद हातात ठेवला आणि ओळखपत्र मागितलं.

लालबागला एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत हे वाचनालय आहे. मी राहते घोडपदेवला, नोकरी परळला. सिनेमांच्या खाली मराठी ओळी उमटतात ना, त्या लिहायचं काम. संध्याकाळी घरी मालिका सुरू होतात आणि घरातली सगळी माणसं त्या मालिकेतल्या सुनेच्या काळजीत पडतात, म्हणून मी वाचनालयात जाऊन बसायचे. ग्रंथपाल गिरगावातल्या एका वाडीतून रोज बसने यायचे. ते मानद ग्रंथपाल होते. मानद म्हणजे पगार नाही, फक्त मान, आणि तोही कार्यकारिणीच्या लक्षात राहिला तर. मी त्यांना काका म्हणायचे. बाकीचे सभासद समोर काका म्हणायचे आणि जिन्यात चप्पलशास्त्री.

हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं होतं. मराठी कथा-कादंबऱ्यांत ‘चप्पल’ हा शब्द जिथे जिथे येतो, ते प्रत्येक वाक्य त्यांनी कार्डावर उतरवून ठेवलं होतं. खाली पुस्तकाचं नाव, पान आणि ओळ. वहाण, पायताण, जोडा ही त्यांच्या मते चपलेची भावंडं, त्यांना वेगळ्या रंगाची कार्डं. वाचनालयात कॉम्प्युटर आल्यावर सूचीचं जुनं लाकडी कपाट रिकामं झालं, ते त्यांनी या कामाला लावलं. खणांवर चिठ्ठ्या होत्या: ‘दाराबाहेर’, ‘पायात सरकवली’, ‘मारायला’, ‘हरवली’, ‘मेल्यावर राहिली’. शेवटच्या खणातल्या बऱ्याच कार्डांवर कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेलं असायचं, ‘पुन्हा तेच’.

हे वेड लागलं त्याला एक लेखक कारणीभूत होता. काका गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एका कादंबरीत नायक पुढच्या दाराशी चपला काढून आत येतो, आत भांडण होतं, आणि मागच्या दाराने तो तरातरा निघून जातो. पुढच्याच पानावर त्याच्या चपलेचा अंगठा तुटतो. काकांनी समासात लिहिलं, ‘चपला पुढच्या दारी आहेत.’ लेखक छापखान्यात आला आणि हसून म्हणाला, "अहो, वाचकाला कुठे कळतंय!" काका हे सांगताना अजूनही थरथरायचे. माणसाचा अपमान झाला तर तो भांडतो, दारू पितो, फार तर निवडणुकीला उभा राहतो. यांनी कार्डं करायला घेतली.

पण त्यांना या एका शब्दामागून सगळं साहित्य दिसायचं, हे मात्र मान्य करायला हवं. "दोनशे सोळा, ऐक," ते म्हणायचे. "जुन्या कादंबऱ्यांत खलनायकाच्या वहाणा करकरतात. नायकाच्या कधी करकरतात का? नाही. नायकाच्या पायाला आवाजच नसतो. हवेतून येतो की काय कोण जाणे! खेड्यातल्या गोष्टी घे. तिथे पायताण चालायला कमी आणि हाणायला जास्त. शहरातल्या घे. नवरा-बायकोचं भांडण झालं की नवरा पायात चपला सरकवतो आणि बाहेर पडतो. दर वेळी तोच. बायको का नाही सरकवत?"

"का नाही?"

"तिला चपलाच दिलेल्या नसतात! सबंध कादंबरीभर बाई अनवाणी. एकदम शेवटच्या पानावर, घर सोडून जाताना, लेखकाला आठवण होते की हिच्या पायात काहीतरी घालायला हवं."

"आणि कवितेत?"

"कवींना पाय असतात, पावलं असतात, पैंजण असतात. चप्पल नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी एकेकाला परळच्या पुलावरून चालवायला पाहिजे."

त्यांचा स्वतःचा जोड म्हणजे निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर होत्या, इतक्या लहान की पाहणाऱ्याला मुलाच्या वाटाव्यात. काकांचे पायही तसेच लहान होते. एवढा मोठा अभ्यास आणि पायात हे, असं कुणी म्हटलं की ते चिडायचे.

एकदा वाचनालयात एका नामवंत कादंबरीकाराचं व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्यान झालं, वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. काका उठले.

"पान एकशे बारा. तुमची नायिका रात्री खिडकीतून उडी मारून पळून जाते. चपला?"

"काय चपला?"

"पुढच्या दारी असणार. तिथे आजोबा झोपलेत, हे तुम्हीच लिहिलंय. मग अनवाणी गेली की चपला आधीच खिडकीतून टाकल्या होत्या?"

कादंबरीकार सावरून म्हणाले, "इथे महत्त्वाची आहे ती तिच्या मनाची अवस्था."

"मनाची अवस्था कळली. चपला?"

अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले. पाहुणे निघून गेल्यावर ते काकांना म्हणाले, "तुमच्यामुळे वाचनालयाची इज्जत जाते." काका तोवर कार्ड लिहायला बसले होते.

अशा माणसाचं एकाच वाचकापुढे काही चालत नव्हतं, आणि तो वाचक म्हणजे माझे बाबा.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसात लिफ्टमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोज सकाळी ते वाचनालयात पेपर वाचायला यायचे, मागच्या पानापासून पुढच्या पानाकडे. सभासद नव्हते. काकांच्या भाषेत ‘मोफत वाचक’. पण काकांचं दुखणं ते नव्हतं. बाबा रॅकमध्ये चपला ठेवत नसत. दाराशी काढायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन आत येऊन बाकाखाली ठेवायचे.

"अहो, रॅक कशाला आहे?" काका विचारायचे.

"असू द्या साहेब."

"कुणी नेणार नाही. मी इथे लक्ष ठेवून बसलेला असतो."

"तुम्ही हायतच की. असू द्या."

काकांना हा रॅकवरचा अविश्वास वाटायचा. त्या रॅकसाठी ते कार्यकारिणीशी तीनदा भांडलेले होते. "तुझ्या वडलांना माणसांवर भरवसा नाही," ते मला ऐकवायचे. मलाही तसंच वाटायचं. गिरणीने तोंडघशी पाडलेला माणूस रबरी चपलेलासुद्धा जपणारच, असा अर्थ मी परस्पर लावून टाकला होता. एम. ए. केलं की असे अर्थ फार पटकन लागतात.

मग तो रविवार आला. मी काकांची कार्डं लॅपटॉपवर उतरवून देत होते. आई घरी मटण शिजवून वाट बघत होती आणि बाबा मला न्यायला म्हणून शेजारी उभे होते. समोर जो खण उघडा होता त्यावर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती: ‘हातात (प्रेम)’.

"हातात म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"चपला हातात घेऊन चालणारी माणसं, बाबा."

"आणि प्रेम?"

"सगळी प्रेमातच असतात. चौपाटीवर ओल्या वाळूत चालतात. या खणात दुसरं कुणी नाही."

बाबा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मग म्हणाले, "मग मीपण लय प्रेमात होतो म्हणायचा. आमच्या खोताच्या."

काकांनी मान वर केली. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे बघितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माझा चुलता गिरणीत होता," बाबा सांगू लागले. "त्याने गणपतीला मुंबैवरनं मला चपला आणलेल्या. पहिल्याच. शाळेची वाट खोताच्या घरापुढनं जायची. तिथं आमच्यातल्यांनी पायात काय घालायचं नाय. मग घरापासनं धा पावलांवरच्या आंब्यापाशी काढायच्या नि हातात धरायच्या. पलीकडं शाळेपर्यंत पुन्हा खोताचीच घरं. मग घालायच्या कधी? त्या चपलांचे तळवे शेवटपर्यंत नवेच राह्यले साहेब. पट्टे गेले. हाताच्या घामानं."

मग ते मला म्हणाले, "चल गं, मटण थंड होईल."

घरी जाताना मी त्यांच्यावर चिडले. एवढ्या वर्षांत हे सांगितलं का नाही? "तू कधी इचारलंस?" ते म्हणाले. मग मी काकांवर चिडले, त्यांच्या त्या कंसातल्या प्रेमावर चिडले. सगळ्यात जास्त राग आला स्वतःचा. तो अख्खा खण मी टाइप केला होता, आणि या सगळ्या माणसांना चपला हातात घ्यायला वाळूच कशी सापडते, हा प्रश्न मला पडला नव्हता. बाकाखालच्या पिशवीचाही अर्थ मला तेव्हा लागला. त्या दिवशी मला मटण गोड लागलं नाही.

काकांची चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं. त्यांचा एक नियम होता: फक्त कथा-कादंबऱ्या. आत्मचरित्रं नाहीत, कारण आत्मचरित्रात माणूस खोटं बोलतो आणि स्वतःच्या चपला पुसून ठेवतो, असं त्यांचं मत. वाचनालयाचं चौथं कपाट आत्मचरित्रांचं. दया पाहिजे तिथे शिस्त आणि शिस्त पाहिजे तिथे हट्ट, असा तो माणूस. चौथ्या कपाटाला त्यांनी कार्डांसाठी कधी हातच लावला नव्हता. आमच्या माणसांनी जे लिहिलं ते सगळं त्या कपाटात. काकांनी सकाळीच कपाट उघडलं होतं आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली होती.

पुढचे दोन महिने ते कुणाशी धड बोलले नाहीत. पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला "घ्या कुठलंही" म्हणायचे. कार्डांचा गठ्ठा वाढत गेला. एका संध्याकाळी मी गेले तर ‘हातात’चे दोन खण झालेले. एकावर जुनीच चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘हातात (भीती)’. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचायला आल्यावर बाबांनी ती वाचली.

"भीती नाय साहेब," ते म्हणाले. "भीती माझ्या बापाला होती. मला राग होता."

काकांनी चिठ्ठी फाडली आणि नवीन लिहिली: ‘हातात (राग)’.

पण काकांना रुखरुख लागली होती. तळवे नवे राहिले आणि पट्टे हाताच्या घामानं गेले, हे वाक्य त्यांना चौथ्या कपाटातही सापडलं नाही. ते त्यांना हवं होतं. आणि दुसरा नियम आड आला: छापलेलं असेल तरच कार्ड. ऐकीव वाक्याला खणात जागा नाही. मी म्हटलं, "काका, मोडा की नियम." ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू रॅक जाळायला सांगितलं होतं.

नियम त्यांनी मोडला नाही. त्यांनी वाचनालयाचा वार्षिक अहवाल छापायला दिला.

हा अहवाल दर वर्षी तेच लिहायचे आणि दर वर्षी तो कुणीही न वाचता मंजूर व्हायचा. पंखे दुरुस्त केले, कपाटाला रंग दिला, वाळवीचा बंदोबस्त केला. यंदा चौथ्या पानावर ‘चपलांचा रॅक’ असं शीर्षक होतं. त्याखाली: ‘रॅकला नवी फळी बसवण्यात आली. एक सभासद रॅकचा वापर करीत नाहीत. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.’ आणि पुढे बाबांचं सगळं बोलणं, आंबा, खोत, तळवे, पट्टे, एकही शब्द न बदलता. त्यासाठी बाबांना सभासद करणं भाग होतं. अर्ज काकांनीच भरला, सही तेवढी बाबांची घेतली. कशाची सही ते बाबांना नीट सांगितलं होतं की नाही, याबद्दल दोघांची मतं आजही वेगवेगळी आहेत.

वार्षिक सभेला बाबा यायला तयार नव्हते. "माझं कशाला चारचौघांत," म्हणत होते. मी ओढून आणलं. ते सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. हातात पिशवी.

यंदा नेमका कुणीतरी अहवाल वाचला होता. अध्यक्ष चौथं पान उघडूनच उभे राहिले.

"हे काय आहे? वाचनालयाच्या अहवालात हे कशाला?"

"रॅकबद्दल आहे," काका म्हणाले.

"अहो, आपल्याकडे सगळे एकत्र असतात. कुणी कुणाची जात विचारत नाही. जुनं कशाला उकरून काढायचं? या ओळी वगळू या."

"वगळू. चूक दाखवा. शुद्धलेखनाची दाखवा, माहितीची दाखवा. एक चूक दाखवा, मी आत्ता वगळतो."

"चूक नाही हो. पण संबंध काय?"

"फळीबद्दल मी एक ओळ लिहिली, ती चालली. त्या फळीवर एक माणूस चपला का ठेवत नाही, ते जड झालं?"

अध्यक्ष तापले. म्हणाले, ओळी राहणार असतील तर सभेला मानद ग्रंथपालांचा विचार करावा लागेल. चष्मा पुसत काका म्हणाले, "करा. मी खण घेऊन जाईन." तीस वर्षांची ती खुर्ची सोडली तर त्या माणसाला गिरगावातल्या खोलीत भिंतीशिवाय कुणी बोलायला नव्हतं. हे मला माहीत होतं, अध्यक्षांनाही होतं.

"ओळी वगळाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

एक एक करून हात वर गेले. आमच्या समोरच्या चाळीतल्या मास्तरांचा गेला. दर गणपतीला आमच्याकडे मोदक पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंचा गेला, आणि माझ्याकडे बघून तो अर्धा खाली आला. बाकीचे चुळबुळत होते. खाली बघत होते.

तेवढ्यात बाबा वळले आणि दाराबाहेर गेले. मला वाटलं, गेले. मी त्यांना इथे आणलं, सगळ्यांसमोर त्यांच्यावर मतं घ्यायला लावली, आता ते पुन्हा कधी या जिन्याची पायरी चढणार नाहीत.

बाहेर पिशवी सळसळली. मग रॅकच्या फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बाबा आत आले, दोन्ही हात मोकळे.

"साहेब," ते अध्यक्षांना म्हणाले, "सभासदाने रॅक वापरायला सुरुवात केली, तेपण अहवालात लिवा. म्हंजे तक्रार मिटली. बाकीचं जसं हाय तसं राहू द्या. मी बोललोय ते. माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलेलं मला चालतंय."

काकूंनी हात पूर्ण खाली घेतला. मास्तरांनी तो डोकं खाजवण्याकडे वळवला. मग कुणीतरी मागून ओरडलं, "मंजूर, मंजूर!" आणि सगळेच ओरडायला लागले, थोडे बाबांसाठी, बरेचसे चहा-सामोसे थांबले होते म्हणून. काकांनी मात्र खिशातून कोरं कार्ड काढलं आणि तिथेच, उभ्या उभ्या तळव्यांचं ते वाक्य उतरवून घेतलं. खाली लिहिलं: वार्षिक अहवाल, पान चार.

सभा आटोपली, माणसं पांगली. आम्ही तिघं शेवटी बाहेर आलो. नव्या फळीवर बाबांच्या चपला नव्हत्या.

आम्ही वरच्या फळीवर बघितलं, खालच्या फळीवर बघितलं, जिन्यात बघितलं. गेल्या त्या गेल्या. त्या रॅकवर आयुष्यात एकदाच ठेवल्या आणि तासाभरात गेल्या. काकांचा चेहरा पांढरा पडला. "कुणीतरी चुकून नेल्या असतील," ते म्हणत होते, "घाईत, चुकून, उद्या आणून देतील," आणि तोंडातल्या तोंडात अध्यक्षांचं नाव घेऊन शिवी देत होते. मग त्यांनी स्वतःच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर काढल्या आणि वाकून बाबांच्या पायांपुढे ठेवल्या.

"या न्या. माझं बसस्टॉपपर्यंतच आहे. न्याच."

बाबांनी त्या उचलून उलटसुलट करून बघितल्या. त्यांच्या पायापेक्षा दोन बोटं लहान. मग अगदी गंभीरपणे त्यांनी काकांना विचारलं, "घालू, का हातात घेऊ?"

काका असे हसायला लागले की जिन्याचा कठडा धरावा लागला, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "घाला हो!" ते ओरडले. "घाला आणि रस्त्याच्या मधून जा!"

बाबांनी घातल्या. टाचा मागे लोंबत होत्या. फटक फटक आवाज करत ते जिना उतरले, गल्लीत आले आणि खरोखरच मधून चालायला लागले. मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता, मी "बाबा, कडेला या," म्हणत होते. वर कठड्यापाशी काका अनवाणी उभे होते. बाबा काही कडेला आले नाहीत.